हँडल कुठाय

बेळगावात मिळाला नाही.
कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक होता, त्याचा बेड तडकलेला.
राजकोटच्या माणसाने फोनवर फोटो पाठवले:
हिरवा रंग, इतका ताजा
की खाली काय लिंपलंय ते विचारावंसं वाटेना,
आणि भाडं मशीनपेक्षा जास्त.
म्हापशाचा हार्डवेअरवाला तर हसलाच.
शेपर? आता कोण घेतो शेपर?
बाहेरून करून आण.

बाहेरून म्हणजे
भातगिरणीच्या पुलीत चावीची एक खाच पाडायला
कुंडईच्या वसाहतीत दोन दिवस हेलपाटे,
नाहीतर कानस घेऊन बसा
बोटांची सालं निघेपर्यंत.
आमची दुर्भाटची भट्टी. भात्याच्या जागी पंखा,
पणजोबांच्या वेळची ऐरण, मधे खोलगट झालेली,
धारेला आलेले कोयते, विळ्या, रेंदेरांच्या काती.
इथे शेपर कशाला, हे बाबांनीही विचारलं.
एकदाच.
बाबा दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

आणि निघाला कुठे, तर रासईला,
बार्ज बांधायच्या बंद यार्डात.
काखेत कळसा म्हणतात तसं; मधे फक्त जुवारी.
खाणी थांबल्या, बार्जी थांबल्या,
पत्रे उडालेल्या शेडमध्ये सगळं एकाच रंगाचं झालेलं,
नांगर, साखळदंड, घुशीच्या बिळावर टाकलेली प्लेट.
कोपऱ्यात ताडपत्री. ताडपत्रीखाली
अठरा इंची, बटाल्याचा.
शेजारी स्टुलावर कायतान फुर्तादो,
एकतीस वर्षं त्याच्यावर उभा राहिलेला,
पगार बंद झाल्यावरही रविवारी मीस संपला
की तेलाचा डबा घेऊन येणारा.

"वजन विचारणारे पाच जण आले," तो म्हणाला.
"एकानेही हात लावला नाही."

मी रॅमच्या मार्गात बोट घातलं, टोकापर्यंत नेलं.
मधे झीज, कडांना नाही;
आखूड कामं फार झालेली.
टूलचं पान उचलून सोडलं. टक्.
स्ट्रोक बघायला वाकलो
तर चौकोनी दांडा नुसताच बाहेर आलेला.
"हँडल कुठाय?"

कायतान माझ्याकडे बघत राहिला.
मग सायकलच्या पिशवीतून
जुन्या झग्याच्या कापडात गुंडाळलेलं काढलं,
मूठ काळी, गुळगुळीत, आंब्याच्या बाठीसारखी.
"हें हांव घरा व्हरतालों.
भंगारवाल्याक कित्याक जाय हँडल?"

भाव झाला. किती ते सांगत नाही,
बाबांनाही तीन हजार कमी सांगितलेत.

टेम्पो चढला तशी फेरीबोट वीतभर खाली बसली.
खलाशाने मला, टेम्पोला आणि लोखंडाला
वेगवेगळ्या शिव्या दिल्या.
लहानपणी दुपारी घण थांबला
की पाण्यावरून काहीतरी ऐकू यायचं:
सर्रर्र, खट. सर्रर्र, खट.
जाताना सावकाश, येताना घाईत.
तो हाच, असं मी म्हणणार नाही;
यार्डात आवाज काय कमी होते.
पण शेपर चालतो असाच. पुढे जाताना कापतो,
मागे येताना काहीच करत नाही,
म्हणून लवकर येतो.

"आता ऐरणीचं तोंड सपाट करून घेऊ," मी म्हणालो.
बाबांनी ऐरणीवर तळहात ठेवला,
बराच वेळ, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"ह्या खळग्यात विळीला पोट येतं.
तुझं सपाट त्या पुलीवर कर."

थ्री-फेज जोडायला लाइनमन सोमवारी येणार,
म्हणजे गुरुवारी.
मला तेवढा धीर नव्हता.
रात्री पुली बांधली, दांडी लावली,
मोठं चाक दोन्ही हातांनी ओढलं.
एकदा काहीच नाही. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्या वेळी बिडाचा राखाडी भुगा पडला,
चिमूटभर, तपकिरीसारखा.

बाबांनी तो बोटावर घेतला,
बल्बखाली धरला, चोळला,
आणि आत ओरडून आईला सांगितलं,
पानं घेऊ नकोस इतक्यात.